उंबऱ्याबाहेरची टिकटिक

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतेय. पिंपळ, अमावास्या, उलटे पाय... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग दोघांनी मिळून त्यातल्या चुका काढायच्या, हा आमचा शनिवारचा कार्यक्रम. मी नागपूरची, तोंडाने फटकळ आणि स्वभावाने शंकेखोर. त्यात नोकरी अशी की डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, पण ती मोजता आली तरच! आता गंमत अशी झालीय की मी जे सांगणार आहे ते मी स्वतः, माझ्या हाताने मोजलेलं आहे. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसले असते.

ओहायोमधलं डब्लिन, कोलंबसला लागून असलेलं. २००६ चा हिवाळा. आम्ही तेव्हा एका भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहत होतो. पुढे छोटासा पोर्च, मग दार, दाराला उंबरा म्हणून ॲल्युमिनियमची एक पट्टी. निरंजन एका इन्शुरन्स कंपनीत आयटीमध्ये, आणि मी एका हॉस्पिटलच्या रेडिएशन सेफ्टी विभागात. पेशंटना किरणोत्सारी औषधं देतात त्या खोल्या नंतर स्वच्छ झाल्यात की नाही, हे तपासणं माझं काम. हातात सर्व्हे मीटर घ्यायचा, म्हणजे लोक ज्याला गायगर काउंटर म्हणतात तो, त्याचा प्रोब, म्हणजे केबलने जोडलेला हातात धरायचा भाग, सगळीकडून फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. थोडंसं रेडिएशन हवेत, मातीत, विटांत, सगळीकडे असतंच, त्यामुळे मीटर कधीच पूर्ण गप्प बसत नाही. टिक... टिक... टिक-टिक... याला बॅकग्राउंड म्हणतात. काही सापडलं की तोच आवाज लाह्या फुटल्यासारखा तडतडायला लागतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला तेव्हा पाचवा महिना होता. त्याआधी एकदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी मी सतत घाबरलेली असायचे. खोल्या तपासायचं काम सोडून टेबलावरचं काम मागून घेतलं होतं. पोटाशी रेडिएशन मोजणारा बॅज लावायचे आणि दिवसातून चारदा त्याला हात लावून तो आहे ना बघायचे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

आता नलिनीकाकू. निरंजनच्या चुलत काकू. काका डॉक्टर होते, साठच्या दशकात इथे आले, त्यांच्यामागून काकू आल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅलिफोर्नियात. काकू आमच्यापासून गाडीने दहा मिनिटांवर एकट्या राहायच्या, स्वतः बर्फ उपसायच्या आणि शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याला मराठीतून दटावायच्या. आमचा संसार त्यांनी दिलेल्या कुकरवर आणि गादीवर उभा राहिला. आपला डबा त्यांच्याकडे गेला तर तो रिकामा परत येणं शक्यच नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालून देतील. "रिकामं भांडं परत देत नाहीत गं," एवढंच त्यांचं म्हणणं.

माझं ते पहिलं गेलं तेव्हा आई नागपुरात फोनवर रडत होती, आणि काकू माझ्याजवळ बसून संत्री सोलत होत्या. फक्त फोडी हातात देत राहिल्या. म्हणून या वेळी मी त्यांना सांगून टाकलं, "डोहाळजेवणाला माझी ओटी तुम्ही भरायची."

त्या एकदम दचकल्या. "मी? अगं, मला नाही चालत. हे गेले ना माझे."

"ज्यांना चालत नसेल त्यांनी जेवून घरी जावं. तुम्ही भरणार नसाल तर मी डोहाळजेवण कॅन्सल करते."

चष्मा पुसत बसल्या बराच वेळ. "बघू," म्हणाल्या. आणि दुसऱ्याच दिवशी फोन. "अनघा, तुला खण हिरवा आवडेल की जांभळा?" म्हणजे बाईसाहेबांची केवढी इच्छा होती बघा.

मध्येच काकूंना थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन नीट झालं. उरलंसुरलं मारायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी द्यायची ठरली. या गोळीनंतर काही दिवस पेशंटच्या अंगातून रेडिएशन बाहेर पडतं आणि घाम, थुंकी, लघवी सगळ्यात ते आयोडीन असतं. लोकांपासून लांब राहायचं, ताट-वाटी वेगळी ठेवायची, आणि लहान मुलं अन् गरोदर बायका यांच्या तर जवळपासही जायचं नाही. पोटातल्या बाळाची थायरॉइड आयोडीन ओढून घेते, ते जास्त वाईट.

हे सगळं काकूंना फोनवर समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मग चक्क हसायला लागल्या.

"अगं, म्हणजे बाजूलाच बसायचं ना? मला काय नवीन आहे ते? कराडला सासरी दर महिन्याला हेच. तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी, लांबून वाढायचं. त्यात मी एक्स्पर्ट आहे."

बाराव्या वर्षी आजीने मला असंच कोपऱ्यात बसवलं होतं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आणि आज मीच काकूंना तेच सांगत होते. माझ्याजवळ त्याला कारण होतं, एवढाच फरक.

"किती लांब राहायचं?" काकूंनी विचारलं.

"सहा फूट तरी."

"म्हणजे आमचे हे आडवे झोपले तर मावतील एवढं. ठीक." हे मी रात्री निरंजनला सांगितलं तेव्हा तोही हसला.

गोळी घेऊन त्या घरी आल्या. मी स्वयंपाक करायचे, निरंजन संध्याकाळी त्यांच्या पोर्चवर डबा ठेवून निघायचा आणि तो गाडीत बसल्यावर काकू दार उघडून हात हलवायच्या. डबे मुद्दाम फेकून द्यायचे, फॉइलचे. माझा बॉस टॉम, भला माणूस, त्याने एक जुना मीटर मला घरी वापरायला दिला होता. निरंजन घरी आला की त्याला पायपुसण्यावर उभं करून मी हात, बूट, जॅकेट सगळं तपासायचे.

"यार, लहानपणी आजीचं सोवळं होतं," तो म्हणायचा, "आता बायकोचं."

एके दिवशी तो आला तो हातात स्टीलचा डबा घेऊन. आमचाच, कधीतरी काकूंकडे राहिलेला. "काकूंनी पोर्चवर ठेवला होता, वर चिठ्ठी, अनघाला आवडतात म्हणून." आत नारळाच्या वड्या. मला तेव्हा नारळाच्या वड्यांचे डोहाळेच लागले होते, खोटं कशाला बोलू. झाकण उघडल्या-उघडल्या वास आला आणि माझा हात पुढे गेलासुद्धा. दुसऱ्या हातात मीटर चालू होता. प्रोब डब्यावर आला आणि...

तडतडतडतड.

मी ओरडलेच. निरंजनने डबा उचलून बाहेर नेला. मी तिथेच जिन्यावर बसले. टॉम नंतर म्हणाला की एखादी वडी खाल्ली असती तरी मात्रा फार नसती. त्याचं काय जातंय म्हणायला! त्याच्या पोटात थोडंच बाळ होतं.

काकूंना फोन केला. मी रागावायच्या आधी त्याच रडायला लागल्या. "अगं, डबा दिसला घरात... इतके दिवस तुम्ही जेवण पाठवताय... रिकामा कसा देऊ? हात तीनदा धुतले गं मी." थोड्या वेळाने आवाज सावरून म्हणाल्या, "हे बघ. माझ्या अंगातलं सगळं निघून जाईपर्यंत मी तुझा उंबरा ओलांडणार नाही. माझ्यापायी बाळाला काही झालेलं मला सोसायचं नाही. तू म्हणशील, 'काकू, संपलं आता, आत या,' तेव्हाच येईन. ओटी भरायला."

मी म्हटलं, "नक्की बोलावते."

तो डबा मी पिशवीत घालून, चिकटपट्टी लावून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून दिला. कामावरही आम्ही हेच करतो. अशा वस्तू ठेवून द्यायच्या, महिने गेले की आपोआप निवतात.

दोनच दिवसांनी निरंजन डबा द्यायला गेला तर आदल्या दिवशीचा डबा पोर्चवर तसाच, झाकणावर बर्फ. काकू सोफ्यावर होत्या. दुपारी टीव्ही बघता बघता स्ट्रोक आला, असं डॉक्टर म्हणाले. गोळीशी संबंध नाही म्हणाले.

मला जाता आलं नाही. काकूंच्या शरीरात आयोडीन होतं, म्हणून माझ्या विज्ञानाने मनाई केली. आणि आईने फोनवर सांगितलं, "बाप्पा, पोटुशीनं मयताच्या घरी जाऊ नये, अनू." आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं. मी घरात बसून रडले. काकूंचा मुलगा आला, सगळं पार पडलं. जाताना त्याने निरंजनकडे एक पिशवी दिली. आत खण होता, जांभळा. मी तो मीटरने तपासला. स्वच्छ होता, गोळीच्या आधीच आणून ठेवलेला. तो छातीशी धरून परत रडले.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते सुरू झालं.

काकूंच्या मुलाच्या पिशव्या, त्यांच्या घरातून आणलेल्या खुर्च्या हे सगळं पोर्चवर टेकवलं होतं, म्हणून मी सवयीने मीटर घेऊन दार उघडलं. तडतड. वडीच्या डब्याइतकी नाही, पण बॅकग्राउंडच्या कितीतरी वर. आधी वाटलं काहीतरी सांडलंय. पट्टी, पायपुसणं, कठडा, सगळं ओल्या कागदाने पुसून ते कागद मीटरखाली धरले. सगळे स्वच्छ. मग पुढे जाऊन नेमकं कुठे आहे ते शोधायला लागले. आपण वस्तूच्या जवळ गेलो की आवाज वाढायला हवा, अंतर निम्मं झालं की चौपट. पण मी एक पाऊल पुढे टाकलं, आवाज तेवढाच. पायऱ्या उतरले, तेवढाच. थेट गाडीपर्यंत गेले, तेवढाच. परत दाराकडे फिरले तरी तेवढाच. घरात शिरले की मात्र काही नाही. टिक... टिक...

निरंजनला बोलावलं. त्याने एकट्याने पोर्चवर मीटर फिरवला. काही नाही. मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले आणि तडतड सुरू झाली. त्याचा चेहरा उतरला.

"अनघा... तुझ्याच अंगात तर काही गेलं नाही ना?"

वडी मी खाल्ली नव्हती. पण बोट लागलं असेल? बोट तोंडात गेलं असेल? आम्ही तसेच हॉस्पिटलला निघालो. गाडीभर मी पोटावर दोन्ही हात ठेवून बसले होते. जसं काही हातांनी ते अडणार होतं. टॉमने माझ्या गळ्यावर, पोटावर, हातांवर प्रोब धरून मोजलं, पुन्हा मोजलं. काहीही नाही. त्याने मीटरही तपासून दिला. मीटर ठणठणीत. "गो होम, गेट सम स्लीप," म्हणाला.

घरी आलो. मी गाडीतून उतरले आणि मीटर तडतडायला लागला.

मग निरंजनने एक गोष्ट केली, जी माझ्या डोक्यात यायला हवी होती. मला उंबऱ्यात उभं केलं आणि स्वतः मीटर घेऊन माझ्यापासून हळूहळू लांब जायला लागला. आवाज वाढत गेला, वाढत गेला, पायरीच्या कडेला एकदम टिपेला पोचला आणि त्याच्यापुढे कमी झाला. तो परत त्या जागेवर आला. दुपारचं लख्ख ऊन, समोर बर्फ, आणि हा माणूस रिकाम्या जागेसमोर प्रोब धरून उभा.

"इथे आहे," तो म्हणाला. "तू एक पाऊल पुढे ये."

मी पुढे झाले. त्याच्या हातातला आवाज पडला. तो तेवढाच मागे सरकला, आणि तिथे पुन्हा टिपेला. मी मागे आले की तेही पुढे, पण उंबऱ्याच्या आत कधीच नाही. मी आणि ती जागा, मधलं अंतर तेच. निरंजनने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "अनघा... काका आडवे झोपले तर मावतील एवढं आहे हे."

मी दार लावून घेतलं. लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा प्रेमबिम काही वाटलं नाही, भीती वाटली. काकू असतील तर असोत, माझ्या बाळापासून लांब राहा, एवढंच मनात आलं. आणि ते लांबच राहत होतं, हेही दिसत होतं. मी गॅरेजमधून ये-जा करायला लागले. रोज दुपारी एकदा मात्र दार उघडून मोजायचे, न मोजता झोप लागायची नाही. रोज थोडं कमी. आठ दिवसांत निम्मं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. आयोडीन नेमकं असंच कमी होतं. पण जिवंत माणसाच्या अंगातून ते याहून खूप लवकर जातं, कारण घामावाटे, लघवीवाटे बाहेर पडतं. बाटलीत बंद करून ठेवलेलं आयोडीन आठ दिवस घेतं. किंवा... असो. ज्याला घाम येत नाही, असं काहीही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. मला करायचंच नव्हतं, पण निरंजन म्हणाला, "खण आलाय तिचा. नाही कसं म्हणणार?" घरात पंधरावीस बायका, मसालेभाताचा वास, कुणीतरी डोहाळे म्हणत होतं. मी हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने. ओटीची तयारी झाली आणि मी म्हटलं, "एक मिनिट हं." मीटर उचलला आणि पुढचं दार उघडलं. मागून कुणीतरी हसलं, "बघा, आजही ड्यूटीवर!"

तिथे होतं. पण इतकं क्षीण की नवख्याला कळलंही नसतं. टिक-टिक... टिक... टिक-टिक-टिक... यापेक्षा विमानप्रवासात जास्त मिळतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही माझा एक हात आपोआप पोटावर गेला. मला काकूंचं ते चष्मा पुसणं आठवलं. आधी महिन्याचे चार दिवस लांब, मग काका गेले म्हणून लांब, मग गोळीमुळे लांब. आणि बोलावणं द्यायचं माझ्याकडे होतं.

"काकू, संपलं आता," मी म्हटलं. "आत या."

मीटर वाढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो वाढला. म्हणजे ते जवळ येत होतं. मागे पळावंसं वाटलं, पण मी उंबऱ्यातून एका बाजूला सरकून उभी राहिले. टिकटिक माझ्या अगदी हाताशी आली, शेजारून आत गेली, आणि मी तिच्या मागोमाग प्रोब धरून पाटापर्यंत गेले. बायका बघत होत्या, बघू देत. पाटावर बसले. निरंजनने खण पुढे केला, मी बायकांना म्हटलं, "पहिल्यांदा हा घाला." खण, नारळ, तांदूळ पदरात पडले. मांडीजवळ ठेवलेल्या मीटरने दोन-तीनदा भरभर टिकटिक केली.

मग नुसतं बॅकग्राउंड. त्यानंतर पोर्चवर, घरात, कुठेही, कधीही काही सापडलं नाही.

मुलगी झाली, सुखरूप. तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, थायरॉइडची तर दोनदा. गॅरेजमधला डबा पुढे निवला, मी तो घासून घेतला. टॉमला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "फॉल्टी केबल." नवी केबल लावून मीच मोजलं होतं, हे त्यालाही माहीत होतं. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर खरंच सांगा, मी वाद घालणार नाही.

एक मात्र झालंय. तो डबा काकूंकडून भरून आला होता, म्हणजे तो रिकामा राहणं बरं नाही. त्या गेल्या त्या तारखेला मी दरवर्षी नारळाच्या वड्या करून तो पोर्चवर ठेवते आणि दार उघडून "काकू, आत या" म्हणते. लेक आता दीड-दोन वर्षांची आहे. तिला वाटतं दार उघडलं की असंच म्हणायचं असतं. पोस्टमनला म्हणते, पिझ्झावाल्याला म्हणते, "आत या." कधीकधी दारात कुणीच नसताना म्हणते आणि जराशी बाजूला सरकते.

मीटर तेव्हा कपाटातच असतो. मी तो काढत नाही. दार थोडा वेळ उघडं ठेवते.